आधी लगीन रिमोटचं

आईवडिलांसाठी टीव्ही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानदार लांबूनच ओळखतो. स्वतःसाठी घेणारा आधी चित्र बघतो, मग किंमत. हा मात्र दारातूनच विचारतो, "वयस्कर माणसांना जमेल ना?" त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं. "एकदम सोपा आहे साहेब, माझा तीन वर्षांचा पुतण्या चालवतो." आता तीन वर्षांच्या पोराला भलतं बटण दाबलं जाईल याची भीती कुठे असते? ती पंच्याहत्तरीच्या माणसाला असते. त्याच्या हिशेबी बिघडलेली वस्तू म्हणजे मेकॅनिक, मेकॅनिक म्हणजे पैसे, आणि वर पुण्याच्या मुलाला कळवायचं की नाही हा वेगळाच प्रश्न.

नगरला सावेडीतल्या एका दुकानात आम्ही तिघं उभे होतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात.) विक्रेता पोरगा फोर-के, रिफ्रेश रेट, डॉल्बी असं धडाधडा सांगत होता. बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा त्रेचाळीसच घ्या, हेही त्याने सांगून टाकलं. त्रेचाळीस इंच ही रुंदी नव्हे, कर्ण. भिंतीवर जागा लागते ती साधारण साडेसदतीस इंचांची. आई पर्समधून शिवणाची टेप घेऊनच आली होती, त्यामुळे हा मुद्दा लवकर मिटला.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, ही माहिती ते कुठल्याही संभाषणात बसवू शकतात. टीव्हीच्या दुकानातही त्यांनी ती बसवली. मग रिमोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि पोराला म्हणाले, "एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. एवढ्यावर आम्ही अख्खा महाराष्ट्र फिरवला. तुझ्या ह्याच्यावर इतक्या घंट्या कशाला रे?"

पोराकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते मात्र खरेदीची सुरुवात इथूनच करावी. आधी लगीन रिमोटचं, मग टीव्हीचं. दुकानात उलटं चालतं. टीव्ही भिंतीवर मिरवतो आणि रिमोट खोक्यात पडून असतो, तो मागून घ्यावा लागतो. बऱ्याच नव्या रिमोटांवरून आकडेच गेलेत, त्यामुळे ज्याला चॅनेल नंबराने पाठ आहेत त्याची पंचाईत. उलट पैसे भरून बघायच्या अ‍ॅपांना ठसठशीत बटणं. ती त्या कंपन्यांनी पैसे मोजून मिळवलेली असतात. आणि ती नेमकी अंगठ्याखाली येतात. अप्पा आवाज वाढवायला जातात आणि पडद्यावर कोरियन माणसं एकमेकांवर तलवारी चालवायला लागतात.

सगळ्यात वाईट प्रसंग 'नो सिग्नल'चा. सेटटॉप बॉक्स एचडीएमआयच्या एका भोकात लावलेला असतो, चुकून बटण दाबलं जातं आणि टीव्ही दुसऱ्याच भोकाकडे बघत बसतो. बिघडलेलं काहीच नसतं, पण अप्पा बटण बंद करून, प्लग काढून, दोन दिवस गप्प बसतात. बऱ्याच टीव्हींमध्ये चालू करताच थेट सेटटॉप बॉक्सवर जाण्याची सोय असते. बॉक्सची साथ असेल तर सीईसी नावाच्या सोयीने दोन रिमोटांचं काम एकावर येतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. विचारलं तर "होऊन जाईल" म्हणतो. तिथेच करून दाखवायला लावावं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या घरी टीव्ही आला तो रामायणाच्या वेळी, म्हणजे १९८७ मध्ये. तेव्हा निवड हा प्रकारच नव्हता, जे लागेल ते बघायचं. अडचण असायची ती गच्चीवर. मी अँटेना फिरवायचो, खालून अप्पा ओरडायचे, "आलं, आलं... गेलं! जरा डावीकडे!" अख्ख्या गल्लीला कळायचं की आमच्याकडे मुंग्या आल्यात, आणि कोणीतरी मदतीला चढायचंच. आताची अडचण सेटिंगच्या आत जाऊन बसलीय, तिथे शेजारी कसा चढणार? आता मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर विचारतो, "डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?" आई मला छताचा पंखा दाखवते.

पण बोलायचं बटण आईला लगेच साधलं. तिचं माहेर अकोले तालुक्यातलं, त्यामुळे इंदोरीकर महाराज तिला घरचेच. "महाराजांचं कीर्तन लाव बाळा," असं ती रिमोटला सांगते. 'बाळा' वगळलं तरी चालतं हे मी सांगून पाहिलं, तिला ते उद्धट वाटतं. एकदा तिने शिर्डीची काकड आरती मागितली तर काकडीची कोशिंबीर आली. तीही तिने शेवटपर्यंत पाहिली. कूट भाजून घ्यायला हवं होतं, एवढंच म्हणाली.

अप्पांचं वेगळं. त्यांना सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या हव्यात. त्या नंतर कधीही बघता येतात, असं मी समजावलं. ते म्हणाले, "आठला बघितल्या तर त्या सातच्या कशा?" वेळापत्रकावर आयुष्य काढलेल्या माणसाला हवी तेव्हा हजर होणारी गाडी म्हणजे खाजगी जीप. एकाला इंटरनेट पाहिजे, दुसऱ्याला नको, आणि टीव्ही एकच.

शेवटी जाड बटणांच्या रिमोटचा टीव्ही घेतला. चित्र शेजारच्या टीव्हीपेक्षा थोडं फिकं होतं, ते कोणाच्याही लक्षात आलं नाही. घरी येताच अप्पांनी नको असलेल्या बटणांवर औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली. आईने रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि वर रबरबँड. आता त्यातून माइकला नीट ऐकू जात नाही. त्यामुळे ती दर वेळी रबरबँड सोडते, कव्हर काढते, महाराजांना बोलावते, आणि कीर्तन सुरू झालं की रिमोट पुन्हा गुंडाळून ठेवते. अप्पांना आवाज वाढवायचा असला तर तेवढ्यासाठी परत सोडत नाही.