गाडीचं वाळवण

अबूधाबीच्या खलिफा सिटीत गाडी उन्हापासून जपायची असते, हे इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं. काचेवर चंदेरी पडदा, स्टिअरिंगवर टॉवेल, सीटबेल्टचं बक्कल धरायला हाताशी ओढणी. पावसापासूनही जपायची असते हे मात्र कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाच त्याची आठवण नसते. वर्षाकाठी इथे मोजके शिंतोडे येतात. ते आले की ऑफिसातली माणसं मीटिंग सोडून खिडकीशी जातात, मुलं अंगणात नाचतात, आणि आमच्यासारख्या कोकणातल्यांना उगाच मोठेपणा वाटतो. याला काय पाऊस म्हणायचं!

हा मोठेपणा १६ एप्रिल २०२४ला उतरला. ९ तारखेला गुढीपाडवा झाला होता, १०ला ईद. लांबलचक सुट्टीनंतर शाळा सोमवारी उघडल्या आणि मंगळवारी पुन्हा घरून सुरू झाल्या. त्या दिवशी अल ऐनकडच्या खत्म अल शकला या ठिकाणी चोवीस तासही झाले नव्हते तोवर २५४ मिलिमीटर पाऊस पडला. इथल्या पावसाच्या नोंदी १९४९पासूनच्या. त्या ७५ वर्षांत असा पाऊस झाला नव्हता, असं हवामान केंद्राने जाहीर केलं. मी ही बातमी दापोलीला सासूबाईंना फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितली. त्या म्हणाल्या, ‘एवढाच?’

त्यांचंही चुकत नव्हतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर मोजला गेला त्या दिवशी त्या अंधेरीला लेकीकडे अडकल्या होत्या. तेव्हापासून कोणाच्याही पावसाला त्या सहजी मान देत नाहीत. पण दापोलीत पडलेल्या पाण्याला जायला वाट असते. घराची पन्हळ आहे, परसात चर आहे, पलीकडे वहाळ आहे, खाली समुद्र आहे. इथले रस्ते सपाट आणि वाळू दाबून दाबून घट्ट झालेली. पाणी जिथे पडतं तिथेच बसून राहतं आणि शेवटी टँकर येऊन ते ओढून नेतात. आयुष्यभर टँकर पाणी द्यायला येताना पाहिलेल्या मराठी माणसाला टँकर पाणी न्यायला आलेला पाहून जरा गलबलूनच येतं.

आमच्या गल्लीत पाणी घोट्याच्या वर गेलं नाही. गाडी जरा उंचावर होती, चाकांनाही नीट पाणी लागलं नाही. ती भिजली ती आतून आणि वरून, सनरूफमधून. वर्षातले आठ महिने जिथे डोक्यावर ऊन नको म्हणून माणसं धावत दारात शिरतात, तिथे काचेचं छप्पर असलेली गाडी का घ्यावी, याचं उत्तर आमच्या ह्यांच्याकडे आहे. ते दरवेळी वेगळं असतं.

आता सनरूफची काच बंद असली की पाणी अडतं, असा आपला समज. तशी ती पुरती अडवत नाहीच. काचेभोवतीच्या रबरातून थोडं पाणी आत येतं, हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. म्हणून काचेखाली चहूबाजूंनी एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून करंगळीपेक्षाही बारीक नळ्या दाराशेजारच्या खांबांमधून खाली उतरतात. पाणी गुपचूप चाकांमागे जमिनीवर पडतं, आपल्याला पत्ता नसतो. कोकणात मृगाच्या आधी शिडी लावून पन्हळीतला पाचोळा काढतात. इथे मृग नाही, शिडी नाही, आणि गाडीला पन्हळ असते हे ठाऊक असणारा माणूस हजारात एखादा. वर्षभराची पिठासारखी धूळ त्या नळ्यांत बसते, हिवाळ्यातल्या एखाद्या शिंतोड्याने तिचा चिखल होतो, चिखल वाळून बूच होतो. मग खरा पाऊस आला की पाणी नळी सोडून छताच्या कापडातून, खांबाच्या आतून उतरतं आणि थेट पायाशी येतं. वायपरखालच्या जाळीचीही तीच गत. पाडव्याला गुढीसाठी आम्ही ज्या कडुनिंबाची डहाळी आणली, त्याच झाडाची पिवळी पानं आठवड्याने त्या जाळीतून मूठ मूठ निघाली.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. सुंठवडा हातावर घेऊन आम्ही गाडी पाहायला गेलो. सीट थोड्या ओल्या, गालिचा वरून जवळपास कोरडा. ‘काही झालं नाही,’ हे म्हणाले. मी गालिच्यावर तळहात दाबला. बोटांच्या मधून पाणी वर आलं, हात उचलल्यावर परत खाली गेलं, आणि गालिचा पुन्हा साळसूद दिसू लागला. गाडीच्या गालिच्याखाली आवाज अडवण्यासाठी जाड फोम किंवा नमदा असतो. तो भिजला की भिजलेल्या गोधडीसारखा होतो, उचलावा तर उचलत नाही आणि पिळावा तर पिळवत नाही. फरक एवढाच की गोधडी दोघांनी धरून दांडीवर टाकता येते. हा फोम चार सीटांखाली, दहा वायरींखाली दडून बसलेला.

‘उन्हात ठेवू. दोन तासांत कडकडीत होईल,’ असं घरात ठरलं. वाळवंटात राहणाऱ्याचा उन्हावर फार विश्वास असतो. काचा बंद करून गाडी उन्हात उभी केली. आत भट्टी झाली, गालिच्यातून वाफ निघाली, वासही निघाला. संध्याकाळी ऊन उतरलं आणि सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या. म्हणजे पाणी खालून उठलं, काचेवर बसलं, आणि रात्री ओघळून पुन्हा गालिच्यात गेलं. गाडीत आता स्वतःचा पाऊस होता, ढगांसकट.

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर हा प्रकार पाहिला. ‘अगं, दारं उघड. वारा नको का त्याला?’ एवढंच म्हणाल्या. आषाढात दापोलीला ऊन दिसत नाही, तरी पडवीतल्या दांडीवर धोतरं वाळतात, सावकाश पण वाळतात, कारण पडवीला दोन्हीकडून वारा आहे. गच्चीवरच्या कुरडयांचं श्रेय आपण उन्हाला देतो, निम्मं काम वारा करतो. आमच्या गाडीला ऊन रग्गड होतं, वाऱ्याला दार बंद होतं.

मग मुसफ्फा. खलिफा सिटीतल्या कुठल्याही गाडीचं दुखणं शेवटी मुसफ्फाच्या गॅरेजांत जातं. त्या आठवड्यात तिथे रांगा होत्या. इंजिनात पाणी गेलेल्या गाड्या पुढे, आमच्यासारखे ओल्या पायांचे किरकोळ रुग्ण मागे. इंजिनवाल्यांची हकिकत बहुतेक एकच. पाण्यात गाडी बंद पडली, पुन्हा चावी फिरवली, इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं. हवा दबते, पाणी दबत नाही. मग आतला दांडाच वाकतो.

आमचे उस्ताद पेशावरकडचे. त्यांनीही गालिच्यावर हात दाबला आणि म्हणाले, ‘बाजी, ऊपर सेहरा है, नीचे समंदर.’ आधी त्यांनी बॅटरीची तार काढली आणि मग चहा मागवला. ही टाळाटाळ नव्हे. सीटखाली पिवळ्या रंगाची वायरची जोडणी असते, ती एअरबॅगची. बॅटरी तोडल्यावरही तिच्यात काही मिनिटं जीव असतो, आणि करक चहा साधारण तेवढ्या वेळात होतो. मग चार बोल्ट काढून सीट बाहेर, दाराच्या उंबऱ्याची पट्टी बाहेर, आणि गालिचा कडेने वर.

खाली जे निघालं त्यात नाणी, खडू, खजुराच्या बिया हे अपेक्षितच होतं. एका कोपऱ्यात मात्र हिरवट-पांढरं काहीतरी उभं होतं. मटकी. पुण्याहून आणलेली पिशवी कधीतरी डिकीतून काढताना फाटली होती, तेव्हा सांडलेली. मोड कसे, लांबसडक, एकसारखे. घरात कापडात बांधून, मायक्रोवेव्हमध्ये ठेवून, किती लाड केले तरी मला असे मोड आणता आले नाहीत. उस्ताद तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ‘यहाँ खेती करते हो?’

पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने त्यांनी होतं तेवढं काढलं, गालिच्याखाली लाकडाचे ठोकळे लावून तो अधांतरी केला आणि सीट नसलेली गाडी आम्हाला परत दिली, एकटी ड्रायव्हरची सीट ठेवून. पुढचं काम घरचं होतं. दारात चारी दरवाजे उघडून, घरातून वायर ओढून, उभा पंखा तिच्यासमोर लावला. येणारा-जाणारा थांबून बघे. एरवी इथे माणसांसाठी एसी, उंटांसाठी शेड, पण गाडीला पंखा कोणी पाहिलेला नसावा. समोरच्या व्हिलातले अमिराती गृहस्थ चौकशी करून गेले आणि थोड्या वेळाने बखूरची धगधगती धूपदाणी घेऊन आले. त्यांच्याकडे कपड्यांना, घराला, पाहुण्यांना सगळ्यांना हा धूर देतात. मनापासून दिला. वास मात्र बुरशीचा आणि चंदनाचा असा दुहेरी झाला आणि कितीतरी दिवस तसाच राहिला. ओल निघाल्याशिवाय वास निघत नाही. वरून कितीही सुगंध मारला तरी तो वासावर वास होतो.

सासूबाईंचा पुढचा सल्ला जाड्या मिठाचा. पातळ कापडाच्या पुरचुंड्या बांधून सीटखाली ठेवायच्या. पावसाळ्यात कोकणात मिठाची बरणी पाझरते, ते मीठ हवेतलं पाणी ओढतं म्हणूनच. पण साध्या मिठाला हवा चांगलीच दमट लागते, तेव्हा कुठे ते हालचाल करतं. सुपरमार्केटात ओल शोषायचे जे डबे मिळतात त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते बऱ्याच कोरड्या हवेतूनही पाणी खेचतं. आम्ही दोन्ही ठेवलं, घरात शांतता हवी म्हणून. ठेवताना मौज वाटली. या देशात विमानं वर जाऊन ढगांत मिठाचे कण सोडतात, पाऊस पडावा म्हणून, आणि मी खाली गाडीत मीठ ठेवत होते, पडलेला पाऊस जावा म्हणून. तत्त्व एकच, मीठ वाफेला धरतं. १६ एप्रिलचा पाऊस त्या विमानांनी पाडला अशी कुजबुज जगभर झाली. हवामान केंद्राने सांगितलं की त्या वादळात फवारणी केलेलीच नव्हती. गल्लीतल्या कोणाचाही यावर विश्वास बसला नाही.

खरं काम शेवटी एसीने केलं. गालिचा बराच सुकल्यावर काचा बंद करून एसी तासभर चालू ठेवायचा. त्यातली गार जाळी हवेतली वाफ धरते, तिचं पाणी करते आणि नळीतून गाडीखाली सोडते. ते पाणी एरवी आपण ओलांडून जातो. त्या दिवसांत मी रोज वाकून गाडीखालचं डबकं बघत असे आणि ते मोठं दिसलं की आत येऊन सांगत असे. हे म्हणायचे, ‘बाळ आजारी असताना थर्मामीटर बघत होतीस, तसंच चाललंय.’

डबकं लहान होत गेलं, गालिचा बसला, सीट लागल्या. आणि २ मेला पुन्हा पावसाचा इशारा आला, शाळा पुन्हा घरून. इकडे वाहत्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात, गाडी घातली तर २,००० दिरहम दंड आणि गाडी ६० दिवस जप्त. पावसात वादी, धरण किंवा तुंबलेलं पाणी बघायला नुसती गर्दी केली तरी १,००० दिरहम. नदीला पूर आला की छत्री घेऊन पुलावर जाणाऱ्या आमच्या गावाला हा कायदा लागू केला तर तालुका कर्जात जाईल. आम्ही घरीच बसलो, पण दारात छत्री धरून गाडीच्या पुढच्या चाकामागे बघत. उस्तादांनी सायकलच्या ब्रेकची तार घालून नळ्या मोकळ्या केल्या होत्या. थोड्या वेळाने चाकामागून बारीक धार पडू लागली, आधी मातकट, मग स्वच्छ. मी व्हिडिओ काढून दापोलीला पाठवला. उत्तर आलं, ‘पन्हळ चांगली चालली आहे.’

तुमच्या गाडीला सनरूफ असेल तर ते उघडा आणि पुढच्या कोपऱ्यातल्या पन्हळीत कपभर पाणी हळूहळू ओता. चाकामागे ते खाली पडलं तर चहा प्या. नाही पडलं, तर तार घालणारा उस्ताद आत्ताच गाठा, पाऊस झाल्यावर मुसफ्फात रांग असते.