क्षमता वाढली, फक्त सिंक व्हायची राहिली

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका आणि प्राथमिक शिक्षक या तिघांची व्यावसायिक क्षमता गेल्या दहाएक वर्षांत इतक्या झपाट्याने वाढवण्यात आली आहे की, मूळ व्यवसायासाठी त्यांच्याकडे आता वेळच उरलेला नाही. हे यश थोडेथोडके नाही. पूर्वी गुरुजी वर्गात शिकवत आणि काय शिकवले ते टाचणवहीत लिहीत. आता यू-डायस प्लस आहे, सरल आहे, शालार्थ आहे, पोषण आहाराचे ॲप आहे, 'अपार' क्रमांक आहे, वृक्षारोपणाचा फोटो आहे आणि कुठल्याशा दिवसानिमित्त घेतलेल्या शपथेची लिंकही आहे. आशाताईंकडे गरोदर मातांची यादी, क्षयरुग्णांची यादी, कुष्ठरोग शोधमोहीम, असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म, आभा कार्ड, आयुष्मान कार्ड. सुटेसुटे पाहिले तर प्रत्येक काम मोलाचेच. बाळाचे वजन नोंदवू नका, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. गंमत अशी की बाळ एक, वजन एक, पण ते वहीत चढते, ॲपवर चढते, स्क्रीनशॉट होऊन बीटच्या ग्रुपवर चढते आणि संध्याकाळी मागवलेल्या एक्सेल तक्त्यात पुन्हा एकदा चढते. बाळाच्या अंगावर मात्र ते चढत नाही. त्यासाठी रकाना नाही.

अंगणवाडीतला एक व्यवहार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना लाभार्थीचा चेहरा ओळखून घेणे 1 जुलै 2025 पासून सक्तीचे झाले. हेतू निर्मळ आहे: एकाचे पाकीट दुसऱ्याच्या घरी जाऊ नये. प्रत्यक्षात गरोदर बाई दारात उभी असते, सेविका तिच्यासमोर फोन धरते, फोन बाईला डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो, बाई करते, फोनचे समाधान होत नाही. ई-केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, तो नंबर नवऱ्याचा असतो, आणि नवरा चाकणला शिफ्टवर किंवा कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत ऊसतोडीवर असतो. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मेळघाट किंवा अक्कलकुव्यासारख्या ठिकाणी त्यात रेंजची भर पडते, मग लाभार्थी, सेविका आणि फोन असे तिघे मिळून उंचवट्याचा शोध घेतात. ज्या बाईला दिवस गेल्याचे सेविकेला तिच्या सासूच्या आधी कळले होते, ती बाई तीच आहे, हे सर्व्हरला पटेपर्यंत पाकीट टेबलावरच राहते. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पन्नास वर्षे ही योजना ज्या एका भांडवलावर चालली ते म्हणजे गावातल्या बाईने गावातल्या बाईला ओळखणे. नेमक्या त्याच भांडवलावर अविश्वासाचा ठराव यंत्राकरवी मंजूर करून घेण्यात आला आहे.

असे का होते, याचे उत्तर दुष्टपणात शोधायचे कारण नाही. कोणताही अधिकारी सकाळी उठून आज सेविकेचे दोन तास कसे वाया घालवू, असा विचार करत नाही. त्याला व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला बसायचे असते. व्हीसीत पडद्यावर तालुक्यांची उतरंड दिसते, खालचे तीन तालुके लाल असतात आणि लाल तालुक्याला बोलते केले जाते. आता तालुका हिरवा करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मुलांचे कुपोषण कमी करणे. त्याला डाळ, दूध, औषध, आईची मजुरी बुडू न देण्याची काही सोय आणि दोन-तीन वर्षे लागतात. दुसरा म्हणजे नोंदी शंभर टक्के करणे. त्याला 'आजच दुपारी तीनपर्यंत, निरंक असल्यास तसे कळवावे' असा एक मेसेज पुरतो. पुढच्या व्हीसीपर्यंत आठवडा असताना माणूस कोणता मार्ग धरेल, हे सांगायला व्यवस्थापनशास्त्राची पदवी नको. व्यवस्थेने कामाची जागा कामाच्या पुराव्याला दिली आणि मग पुरावा तेवढा उत्तम होत गेला.

हा केवळ कुरकुरीचा विषय नाही, त्यावर अभ्यास झालेले आहेत. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था आणि सरकारी आरोग्य खाते यांनी मिळून उपकेंद्रांवरील परिचारिकांची हजेरी तारीख-वेळेचा शिक्का मारणाऱ्या यंत्राने घ्यायची ठरवली. गैरहजेरी ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर पगार कापायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनरस्टर यांनी त्याचे मोजमाप केले आणि 2008 मध्ये निष्कर्ष छापले. पहिले काही महिने हजेरी झकास वाढली. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांत फरक उरला नाही. परिचारिका पुन्हा गैरहजर राहू लागल्या काय? छे, कागदावर गैरहजेरी कमीच झाली होती. वाढले होते ते 'सूट दिलेले दिवस': बैठक, सर्वेक्षण, इतर शासकीय काम. यंत्र प्रामाणिक होते, खात्याने फक्त त्याच्याभोवती रस्ता काढला. या अभ्यासाच्या शीर्षकातच लेखकांनी प्रेतावर मलमपट्टी केल्याचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे त्याला पायलट प्रोजेक्ट यशस्वी झाला, असे म्हटले असते.

यावर कोणी म्हणेल की तिथे हजेरी मोजली, काम नव्हे. नेमके योग्य काम करून घ्या, मग बघा. तेही बघून झाले आहे. उत्तर प्रदेशात 24 जिल्ह्यांतील 120 सरकारी प्रसूती केंद्रांवर जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासयादी घेऊन मोठा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत यादी नुसती भिंतीवर चिकटवली नाही, तर प्रशिक्षक आठ महिने येऊन बाजूला उभे राहून शिकवत होते. दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी जवळपास 73 टक्के होत होत्या, इतरत्र 42. हात धुणे, रक्तदाब घेणे, बाळाला लगेच आईच्या अंगाशी देणे, हे सगळे खरोखर वाढले. आणि बाळ दगावणे, आई दगावणे किंवा तिला गंभीर गुंतागुंत होणे यांचे एकत्रित प्रमाण? एकीकडे 15.1 टक्के, दुसरीकडे 15.3. म्हणजे फरक नाही. डिसेंबर 2017 मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. त्यातून तपासयादी निरुपयोगी असा अर्थ काढणे उतावळेपणाचे होईल. पण अडलेल्या बाळंतिणीला पुढे कुठे न्यायचे, तिथे भूल देणारा आहे का, रक्त आहे का, या प्रश्नांना परिचारिकेच्या हातातली यादी उत्तर देऊ शकत नाही, एवढे दिसते. तिथे काम खरेच सुधारले, तरी हाती काही लागले नाही. आपण तर कामाच्या फोटोवर समाधानी आहोत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. पूर्वीच्या वह्या काय सत्यवादी हरिश्चंद्राने लिहिल्या होत्या? कुपोषित बालके वहीत कमी आणि गावात जास्त असत, पटावर मुले जास्त आणि वर्गात कमी. 2011 मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली तेव्हा जे बाहेर आले ते आठवावे. डिजिटल नोंदीमुळे निदान खोटे बोलणे अवघड झाले, हे मान्य केलेच पाहिजे, आणि काही ठिकाणी तंत्रज्ञानाने खरोखर काम केले आहे. लशींच्या साठ्याची 'ईव्हिन' प्रणाली घ्या. शीतसाखळी केंद्रावरचा कर्मचारी दिवसअखेर किती कुप्या उरल्या ते फोनवर भरतो, शीतपेटीचे तापमान यंत्र आपोआप कळवते. जिल्ह्याला दिसते की या केंद्रात लस संपत आली आहे आणि शेजारच्या केंद्रात पडून आहे, गाडी निघते. इथे नोंद करणारा थोडे लिहितो आणि ती वाचणारा काहीतरी करतो. सगळी मेख या दुसऱ्या भागात आहे. सेविकेने मूल तीव्र कुपोषित असल्याचे भरल्यावर कुठली गाडी निघते? बहुतेक ठिकाणी निघतो तो मेसेज, आणि तो तिलाच येतो: या बालकाबाबत काय कार्यवाही केली, कळवावे.

गडचिरोलीचे उदाहरण आपल्याकडे इतक्या वेळा दिले जाते की ते आता भाषणात टाळ्यांसाठी उरले आहे. पण त्यातला कारभाराचा भाग कोणी वाचत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, तुलनेला 47 गावे होती. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला. या गावांत नोंदी कमी नव्हत्या. आरोग्यदूत बाई बाळाचे वजन, श्वास, ताप, दूध पिणे सगळे लिहीत. फरक असा की लिहिणारीच्या पिशवीत जंतुसंसर्गावरचे औषध होते, इंजेक्शन होते आणि ते द्यायचे प्रशिक्षण होते. बाळाचे श्वास मोजण्यासाठी त्यांनी मण्यांचे एक साधन बनवले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचले की न्यूमोनिया. दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या दाईलाही निदान करता यायचे. हे उपकरण कोणाला काही कळवत नाही. त्यात डॅशबोर्ड नाही, जिओटॅग नाही, ते व्हीसीत दाखवता येत नाही. ते मोजणाऱ्या बाईलाच जागेवर सांगते की आता काय करायचे. आजच्या निविदा प्रक्रियेत हे यंत्र पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

ते संस्थेचे काम होते, सरकारी पसाऱ्यात जमणार नाही, असे म्हणतात. अंशतः खरे आहे. पण केंद्र सरकारने 2011 मध्ये आशांमार्फत हेच काम देशभर उचललेच ना? गृहभेटींचे वेळापत्रक उचलले, फॉर्म उचलला, भेटी पूर्ण केल्यावर द्यायचे 250 रुपये ठरवले. इंजेक्शनची पिशवी मात्र बहुतेक ठिकाणी त्या ओझ्यात बसली नाही. रकाना हलका असतो, तो सहज प्रवास करतो.

शिक्षणात तर पुरावा मुंबईतच पडून आहे. 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 2001 ते 2003 या काळात बालसखी ठेवल्या. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसायची आणि त्यांना येत नव्हते तिथून सुरुवात करायची. त्याचेही शास्त्रशुद्ध मोजमाप झाले, मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. आणि तंत्रज्ञानाचा द्वेष करणाऱ्यांनी हेही ऐकावे: त्याच अभ्यासात बडोद्यात मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, तर गणितात त्याहून मोठी वाढ झाली. संगणक मुलापुढे होता. आपल्याकडे तो मुख्याध्यापकांपुढे आहे आणि मुले त्यात संख्या म्हणून आहेत. शिक्षकांच्या क्षमतावृद्धीचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. 2019 मध्ये 'निष्ठा' हे शिक्षक-प्रशिक्षण आले, मग ते 'दीक्षा' पोर्टलवर ऑनलाइन गेले. व्हिडिओ एका बाजूला चालू राहतो, शिक्षक दुसऱ्या बाजूला खिचडीची तांदूळ-नोंद पूर्ण करतात, शेवटी प्रश्नमंजुषा, मग क्यूआर कोडसह प्रमाणपत्र. त्यानंतर वर्गात काय बदलले, हे पाहायला कोण येते? केंद्रप्रमुखांनी यायचे, पण अनेक ठिकाणी ते पद रिक्त आहे, आणि भरलेले असेल तिथे ते माहिती गोळा करत असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने कोणती कामे शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची वर्गवारीही जाहीर केली. अशी यादी काढावी लागते, यातच सगळे आले.

कर्मचाऱ्यांना बदलच नको असतो, हा वरच्या मजल्यावरचा आवडता सिद्धांत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत परत केले, तेव्हा तो पुन्हा ऐकू आला. फोनची रॅम दोन जीबी, तो तापायचा, बंद पडायचा, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून आणि ॲप इंग्रजीत. सेविकांनी वजनकाटा परत केला नाही, लसीकरणाची यादी परत केली नाही. त्यांनी फक्त न चालणारे परत केले. सुधारणेला विरोध म्हणतात तो हा. दुकानात याला ग्राहकाचा हक्क म्हणतात.

म्हणून एक नम्र सूचना. यापुढे कोणत्याही ॲपमध्ये नवा रकाना घालायचा असेल तर त्यासमोर आणखी एक रकाना असावा: ही माहिती वाचून कोणता अधिकारी, किती दिवसांत, काय करणार. तो त्याने रोज भरावा, वेळेच्या शिक्क्यासह, आणि तालुक्याच्या ठिकाणी काही केले असेल तर जिओटॅग केलेला फोटो जोडावा. भरला नाही तर खालचा रकाना आपोआप बंद पडावा. काही केले नसेल तर 'निरंक' लिहायची मुभा ठेवावी, तो शब्द त्यांना ठाऊक आहे. यावर वरून येणारे उत्तरही तयार आहे. अधिकाऱ्यांना आधीच कामांचा डोंगर असतो, रोज अशी माहिती भरत बसले तर मूळ काम कधी करायचे? उत्तर अगदी रास्त आहे.