पंचवीस पानांचा फॉर्म

(स्थळ : अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका जीन्स वॉशिंग युनिटची केबिन. भिंतीवर गणपती, त्याखाली वडिलांचा फोटो आणि शेजारी एक रिकामा खिळा. खिळ्यावर काय लटकवायचं, यावरच आजची मीटिंग आहे. पात्रं तीन. शेठ : युनिटचे मालक. सल्लागार : कारखान्यांना प्रमाणपत्रं मिळवून देणारे. काका : सांडपाण्याच्या प्लांटचे ऑपरेटर, म्हणजे त्या प्लांटची किल्ली सांभाळणारे.)

काका : (दार ढकलून, धापा टाकत) शेठ, गेटवर गाडी लागलीय. ब्लोअर चालू करू का?

शेठ : कोण आहे?

काका : हातात बॅग, गळ्यात कार्ड. प्रदूषण बोर्डाचे वाटतायत.

शेठ : ते आपले सल्लागार. मीच बोलावलंय.

काका : मग बंदच राहू दे. (जातात.)

सल्लागार : (आत येत) नमस्कार, शेठ. काय बंद राहू दे?

शेठ : पंखा. एसी लावलाय ना. बसा. चहा की थंड?

सल्लागार : पाणी आहे माझ्याकडे, आत्ताच स्टेशनवर घेतलं. बोला, काय काम काढलंत?

शेठ : मुंबईच्या एका मोठ्या ब्रँडची ऑर्डर येतेय. पोरांच्या जीन्स. धंदा तुम्हाला माहितीच आहे. उल्हासनगरात नवी पँट शिवायची, माझ्याकडे आणून ती जुनी करायची आणि मॉलमध्ये दुप्पट भावाने विकायची. ऑर्डर पक्की होती हो, पण मधेच त्यांनी हा फॉर्म पाठवला. पंचवीस पानं! पाणी किती वापरता, बायका किती, जिना किती रुंद, समाजासाठी काय करता. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा इतकं विचारत नाहीत.

सल्लागार : त्यांचाही नाइलाज आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने 2022-23 पासून जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. सेबी त्यांना विचारते, म्हणून ते तुम्हाला विचारतात.

शेठ : आणि मी काकांना विचारतो. काकांनी कोणाला विचारायचं? ते जाऊ दे. मला दोन वस्तू पाहिजेत. एक सीएसआर आणि एक आयएसओ. जीएसटी धरून सांगा.

सल्लागार : कुठलं आयएसओ?

शेठ : सव्वीस हजार. सामाजिक जबाबदारीचं. शेजारच्या गाळ्यात 9001 आहे, त्याच्या पलीकडे 14001. मी म्हटलं, आपण एकदम वरचा नंबर घेऊ.

सल्लागार : नंबर म्हणजे मजला नव्हे, शेठ. आणि तुमच्याकडून पैसे घ्यायची माझी फार इच्छा आहे, पण 26000 चं सर्टिफिकेट नसतंच. 2010 च्या नोव्हेंबरात ते मानक आलं तेच नुसतं मार्गदर्शन म्हणून. सात विषय आहेत. कारभार, मानवी हक्क, कामगार, पर्यावरण, व्यवहारातली सचोटी, ग्राहक आणि आसपासचा समाज.

शेठ : सात विषय, आणि परीक्षा?

सल्लागार : नाही.

शेठ : पास-नापास?

सल्लागार : नाही. ज्याला खरंच करायचंय त्याने वाचावं आणि करावं.

शेठ : ज्याला खरंच करायचंय त्याला पुस्तक कशाला लागतं? आणि नसतं कसं? उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एक जण दहा हजारात देतो. फ्रेमसकट.

सल्लागार : देत असेल. पण 26000 चं सर्टिफिकेट देणं किंवा मिरवणं हा मानकाचा गैरवापर आहे, असं खुद्द आयएसओच सांगते.

शेठ : फ्रेम तर खरी असते ना? अहो, आमच्या लहानपणी उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ छापलेलं असायचं. कोणी हटकलंच तर सांगायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. यात खोटं काय?

सल्लागार : फाळणीत घरदार सोडून ती माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत आली. बराकींत संसार थाटले, बराकींतच बाजार उभा केला. 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. अमेरिकेची एवढी थट्टा करायचा हक्क त्यांनी कमावलाय. तुमचं गाव कुठलं?

शेठ : मुरबाडजवळ. दहा गुंठे आहेत.

सल्लागार : मग तुम्हाला तो हक्क नाही. सर्टिफिकेटच हवं असेल तर एसए 8000 आहे. त्याला परीक्षा असते. ऑडिटर येतो, पगार बघतो, ओव्हरटाइम बघतो, बालकामगार आहेत का बघतो, कामगारांशी बाजूला नेऊन एकट्याने बोलतो.

शेठ : एकट्याने? म्हणजे मी नसताना काकांशी?

सल्लागार : हो.

शेठ : राहू दे. सीएसआरचं बोला.

(इथे सल्लागारांनी लॅपटॉप उघडला. लॅपटॉप उघडला की अशिलाला आपण आजारी असल्यासारखं वाटू लागतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.)

सल्लागार : निव्वळ नफा किती?

शेठ : कोणासाठी सांगू? बँकेसाठी, इन्कम टॅक्ससाठी की व्याह्यांसाठी?

सल्लागार : कंपनी कायद्यासाठी. 2013 चा कायदा, कलम 135. नेट वर्थ 500 कोटी, नाहीतर उलाढाल 1000 कोटी, नाहीतर निव्वळ नफा 5 कोटी. यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, घालावे लागतात.

शेठ : पाच कोटी नफा असता तर मी तुमच्यासमोर बसलो असतो का? तुम्ही माझ्यासमोर उभे असता.

सल्लागार : आणि मुळात ही कंपनी आहे का?

शेठ : प्रोप्रायटरी. बायकोच्या नावावर.

सल्लागार : मग कायदा तुम्हाला लागूच होत नाही.

शेठ : (दुखावून) म्हणजे समाजाप्रती माझी काहीच जबाबदारी नाही? मला इतका हलका समजता?

सल्लागार : स्वखुशीने करा की. कोण अडवतंय? पण फॉर्मात सीएसआर म्हणून लिहायचं, तर सरकारच्याच मापाने मोजू. काय काय मनात आहे?

शेठ : यादीच तयार आहे. पहिलं, महाशिवरात्रीच्या जत्रेला शिवमंदिराच्या रस्त्यावर कमान. वर महादेव, खाली मी.

सल्लागार : जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व धरत नाहीत.

शेठ : महादेवाचा फोटो मोठा ठेवला तर?

सल्लागार : तरी नाही.

शेठ : बरं. आमच्या नगरसेवकाची दहीहंडी.

सल्लागार : राजकीय पक्षाला दिलेला पैसा चालत नाही.

शेठ : तो कुठल्या पक्षात आहे हे त्यालाच रोज सकाळी पेपरात बघावं लागतं.

सल्लागार : तरी नाही.

शेठ : कामगारांची सहल. कोंडेश्वरला. जेवणासकट.

सल्लागार : फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचं धरत नाहीत. सहल मात्र न्या, त्यांनी वर्षानुवर्षं नुसती वाफ खाल्लीय.

शेठ : मग हे घ्या हुकमाचं पान. हेल्मेटवाटप! स्टेशनबाहेर दोनशे हेल्मेटं. माल येऊन पडलाय. नव्वद रुपये नग.

सल्लागार : (टेबलाखालचं हेल्मेट उचलून उलटंसुलटं करत) नव्वद रुपयांत हेल्मेट? दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आहे आयएस 4151. 2021 च्या जूनपासून आयएसआय मार्कशिवाय हेल्मेट विकताच येत नाही.

शेठ : आहे की मार्क! केवढा मोठा आहे बघा.

सल्लागार : मार्क आहे. पण मार्काच्या वर मानकाचा नंबर लागतो आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव येतं. इथे नंबरच नाही. (अंगठ्याने दाबतात. हेल्मेट दबतं. अंगठा काढला तरी ते दबलेलंच राहतं.)

शेठ : डोकं घालायच्या आधीच दाबलंत, म्हणून झालं.

सल्लागार : शेठ, हे वाटलंत तर समाजाची सेवा तेराव्यापर्यंत करावी लागेल.

शेठ : (यादी फाडत) संपलं. नाही, थांबा! ईटीपी! बावीस लाखांचा सांडपाणी प्लांट बसवलाय मी. तो लिहा. पर्यावरण म्हणून.

सल्लागार : तो तर अजिबात नाही. कायद्याने जे करणं भागच आहे, ते सीएसआरमध्ये धरत नाहीत.

शेठ : म्हणजे मी ईटीपी चालवला तर पुण्य किती?

सल्लागार : शून्य.

शेठ : आणि नाही चालवला तर?

सल्लागार : गुन्हा.

शेठ : मग यात माझा फायदा कुठे बसवलाय सरकारने?

सल्लागार : सरकारने कायदे दोन केलेत, शेठ. 2013 चा कंपनी कायदा नफा विचारतो, उलाढाल विचारतो. 1974 चा पाणी कायदा यातलं काहीच विचारत नाही. बायकोचं नावसुद्धा विचारत नाही. तुमचा पाइप कुठे जातो, एवढंच विचारतो.

(केबिनमध्ये शांतता. एसीचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. दुसरं काहीच ऐकू येत नाही, हे सल्लागारांच्या आता लक्षात आलं.)

सल्लागार : ही बाटली बघा. रेलनीर. आपल्या अंबरनाथच्या प्लांटमध्ये भरलेली. काकोळ्याला रेल्वेचं जुनं जीआयपी धरण आहे, त्याचं पाणी. तीच वालधुनी. वरच्या अंगाला बाटलीत भरून विकतात. तिथून ती आपल्या शिवमंदिराला वळसा घालते. शके 982 चा शिलालेख आहे तिथे, म्हणजे साधारण 1060 सालचं देऊळ. पुढे उल्हासनगर, मग कल्याणची खाडी. मधे तिचं काय होतं?

शेठ : वर रेल्वे पाणी विकते, खाली आम्ही रंग देतो. नदी सगळ्यांना रोजगार देते.

सल्लागार : 2014 साली कोणीतरी त्याच नदीत केमिकल सोडलं. उल्हासनगरात शेकडो लोक रात्रीत श्वास अडकून हॉस्पिटलात गेले. 2015 ला हरित लवादाने नगरपालिका-महापालिकांपासून सांडपाणी प्लांटवाल्यांपर्यंत कोट्यवधींचा दंड लावला. पुढे उल्हासनगरच्या जीन्स वॉशवाल्यांचं वीज-पाणी तोडलं.

शेठ : माहितीय ना. मी तेव्हाच इकडे आलो. तिकडे फार प्रदूषण होतं.

सल्लागार : काकांना बोलवा. लॉगबुक घेऊन.

काका : (वही घेऊन येत) हे घ्या साहेब. रोजच्या रोज लिहितो.

सल्लागार : (पानं उलटत) पीएच सात पॉइंट दोन. सात पॉइंट दोन. सात पॉइंट दोन. पावसाळ्यातही तेच, दिवाळीच्या सुट्टीतही तेच. काका, पुढच्या रविवारचं रीडिंग आजच कसं?

काका : रविवारी मी सुट्टीवर असतो, साहेब.

शेठ : काका, नियमात साडेसहा ते साडेआठ एवढी मोठी सूट आहे. कधी सात लिहावं, कधी आठ. माणसाला कल्पनाशक्ती पाहिजे.

सल्लागार : नियमात आणखीही आहे. नदी-नाल्यात सोडायचं असेल तर पाण्यातल्या घाणीची दोन मापं : बीओडी 30 च्या आत, सीओडी 250 च्या आत, लिटरमागे मिलिग्रॅम. हे आकडे वहीत उतरत नाहीत, टाकीत हवा मारल्यावर उतरतात. जंतूंना हवा मिळाली तर ते घाण खातात. ब्लोअर त्याचसाठी असतो. काका, चालू करून दाखवा.

काका : (शेठकडे बघत) करू? म्हणजे आवाजापुरता की...?

शेठ : आवाजापुरता म्हणजे काय?

काका : पट्टा तुटलाय ना, शेठ. गणपतीपासून. नुसती मोटर फिरते, ब्लोअर हलत नाही. पण आवाज चांगला येतो. येणारे साहेब आवाज ऐकून चहाला बसतात.

शेठ : आणि मला सांगितलं का नाही?

काका : तुम्ही कधी हवेचं विचारलंच नाही. लाइट बिलाचं विचारलंत, ते कमी आलं. तुम्ही खूश झालात. मला शंभर रुपये दिलेत.

सल्लागार : पट्टा कितीचा येतो?

काका : पाचशेच्या आत. स्टेशनजवळ मिळतो.

(शेठ फॉर्म पुढे ओढतात आणि पान अकरा काढतात.)

शेठ : ‘आपल्या उद्योगाचा आसपासच्या समाजावर होणारा सर्वांत ठळक परिणाम एका शब्दात लिहा.’ काय लिहू?

काका : निळा.

शेठ : तुम्हाला नाही विचारलं. साहेब, सगळं खरंखुरं करायचं म्हटलं तर तुमची फी किती?

सल्लागार : खरं करायचं तर मी लागतच नाही. पट्टा लागतो आणि महिन्याची वीज लागते. गाळ तळोज्याला पाठवायचा खर्च लागतो. तो सगळा कपड्याच्या जॉब वर्कमध्ये धरा आणि त्या मुंबईच्या ब्रँडला भाव वाढवून सांगा. पंचवीस पानांचे प्रश्न विचारणाऱ्याने उत्तरांचे पैसेही द्यावेत.

शेठ : ते देणार नाहीत. भाव वाढला की पलीकडच्या गाळ्यात जातील. त्याच्याकडे 14001 आहे.

सल्लागार : त्याचा ब्लोअर चालतो?

काका : त्यांच्या मोटरला आवाजपण नाही, साहेब.

(शेठ बराच वेळ भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघतात. मग खिशातून पाचशेची नोट काढून काकांच्या हातावर ठेवतात आणि सल्लागारांना विचारतात, फ्रेमवाल्याचा नंबर आहे का. ही दोन्ही कामं त्यांनी एकाच दमात केली, म्हणून या माणसाला वाईट म्हणायला मी तयार नाही आणि चांगलंही म्हणणार नाही. पट्टा आला का, हे मला सांगता येत नाही. पण वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना ते गच्चीवरून दिसतं. रंग कुठला होता, किती वाजता होता, कुठल्या पुलाखाली होता, एवढं लिहून ठेवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कल्याणलाच आहे, आणि तक्रार द्यायला कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही.)