दोन चांदूर आणि 240 पिना

चांदूर रेल्वेत जुना कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की पहिलं मार्गदर्शन पानठेल्यावर मिळतं. त्याची सुरुवात ठरलेली : "माह्याकडे एक रॅम पडून हाये, घेऊन जा." कोणती, कधीची, कशातून काढलेली, हे विचारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. रॅम म्हणजे रॅम. एवढं मन मोठं करून कोणी फुकट देत असताना खाच कुठे आहे ते बघणारा माणूस गावात खोडसाळ ठरतो. मी तो माणूस आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा सहसा चालत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रं भंगारात निघतात आणि त्यांचे अवयव सुटे होऊन बाजारात येतात. ही बातमी आमच्या शेजारच्या काकाजींपर्यंत पोचली.

"पाच हजारात बसवून दे," ते म्हणाले. "पोरगी टायपिंगची परीक्षा देऊन रायली. अर्धं सामान तं मी जमवलंच हाये."

अर्धं सामान एका पोत्यात होतं. धामणगावच्या साडूचा मदरबोर्ड, पानठेल्यावरची रॅम, लिलावात घेतलेला रिकामा डबा आणि कुणाचा तरी प्रोसेसर, रुमालात बांधलेला. प्रत्येक वस्तू 'चालू हालतीत काढलेली' होती, आणि यात कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या घरी चालतच होता.

बोर्ड जी 41 चा निघाला. रॅम डीडीआर 2, बोर्डाच्या खाचा डीडीआर 3 च्या. काकाजींनी दोन्हीकडच्या पिना मोजायला लावल्या. दोन्हीकडे 240. लांबी तीच. "मंग बसत काऊन नाई? जरा दाबून पाय ना!"

हे पुण्यामुंबईत समजावणं कठीण जाईल, अमरावती जिल्ह्यात सोपं आहे. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. नाव एक, जिल्हा एक, दोन्हीकडे तहसील. पण बाजारच्या एसटीत बसून रेल्वेला उतरता येत नाही. काकाजींना ताबडतोब पटलं. त्यांच्या पुतण्याला बघायला निघालेली मंडळी एकदा बाजारला पोचून घर शोधत फिरली होती. डीडीआर 2 ला 1.8 व्होल्ट लागतात, डीडीआर 3 ला दीड. खाच सरकवलेली आहे ती कोणी दाबून बसवू नये म्हणूनच, हे मग त्यांनीच पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं.

डीडीआर 3 ची 4 जीबीची कांडी आली. नवी कोरी, स्वस्त. तिच्यावरच्या काळ्या चिपा मी मोजल्या : आठ. जी 41 ला एवढ्या दाट चिपा वाचता येत नाहीत. त्याला तेवढीच मेमरी दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपांत वाटलेली लागते. शिवाय कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही कांडी फक्त एएमडीच्या बोर्डावर चालते. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "रबरानं घासून पाहा." वऱ्हाडात कॉम्प्युटरची निम्मी दुरुस्ती शाळेच्या खोडरबरानं होते, आणि खरंच होते, सोनेरी पट्टीवरची काजळी निघते. पण रबरानं इंटेलचा एएमडी होत नाही.

जुन्या यंत्राचा सौदा बोर्डापासून करावा, असं माझं ठाम मत आहे. त्याचा नंबर त्याच्यावरच छापलेला असतो, तो वाचावा, आणि त्याला कोण कोण चालतं ते विचारूनच पुढची खरेदी करावी. लोक प्रोसेसरपासून सुरू करतात, कारण आय 5 म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. रुमालातला प्रोसेसर आय 5 च होता, पण 1156 पिनांच्या जागेचा, 2009 साली आलेला. 2011 साली आलेली जागा 1155 ची. एकच पीन कमी केली, आणि सगळी जुनी सोयरीक तोडली. जी 41 ची जागा तर 775 ची. म्हणजे काकाजींच्या पोत्यातले तिघं एकमेकांच्या भाषेतच नव्हते.

शेवटी अमरावतीहून एच 61 चा बोर्ड आणला. दुकानदार सोबत तिसऱ्या पिढीचा आय 5 देत होता. मी दुसऱ्या पिढीचा 2400 मागितला. कारण बोर्डाचा बायॉस जुना असेल तर तो तिसऱ्या पिढीला ओळखत नाही. ओळख करून द्यायची तर बायॉस अपडेट करावा लागतो, आणि त्यासाठी आधी दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसवावा लागतो. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या माणसाला यात काही नवीन वाटणार नाही. आठ चिपांची कांडी या बोर्डाला चालली असती, पण त्या एएमडीच्या कांडीला मी पुन्हा हात लावला नाही, दुसरी घेतली.

एसएमपीएसवर 450 वॅट छापलेलं होतं. छापायला काय लागतं! मी आधी वजन बघतो, मग स्टिकरवर 12 व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते. गुणाकार केला की साडेचारशेतले किती उरले ते कळतं. प्रोसेसरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. वऱ्हाडातला मे महिना पंख्याच्या भरवशावर काढता येत नाही. जुन्या हार्डडिस्कच्या नादी न लागता छोटी एसएसडी टाकली आणि तिच्यावर लिनक्स.

यंत्र सुरू झालं. एकच बीप वाजली. पोरगी टायपिंगला बसली. काकाजी समाधानानं घरात गेले आणि दोन्ही हातांत काहीतरी जड घेऊन बाहेर आले. मागे 25 पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली वायर लोंबत होती.

"प्रिंटर हाये," ते म्हणाले. "चालू हालतीत काढलेला."