कपाट भरलेलं, वही कोरी

गणपतीला चाकरमानी गावी उतरतो तेव्हा त्याच्या सामानात एक पिशवी अशी असते की ती घरी जातच नाही. ती थेट वाचनालयाच्या पायरीवर पडते. वीर स्टेशनपासून दासगावात यायचं असो की एसटीने पोलादपूर गाठायचं असो, ही पिशवी कोणी विसरत नाही. आत काय? तर मुंबईच्या खोलीत मावेनाशी झालेली ज्ञानसंपदा. 1998 सालचं स्पर्धा परीक्षेचं गाईड, कुठल्याशा पतपेढीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, दुसरा भाग नसलेल्या कादंबरीचा पहिला भाग आणि शेअर बाजारातून श्रीमंत कसं व्हावं याचं पुस्तक. हे शेवटचं खरंच वाचलं असतं आणि लागू पडलं असतं, तर पिशवी स्वतःच्या गाडीतून आली असती.

दात्याला फोटो हवा असतो, तो मिळतो. ग्रंथपालाला नाही म्हणता येत नाही. अनुदानाचा वर्ग टिकवायचा तर पुस्तकांचा आकडा लागतो, आणि एकदा दाखल नोंदवहीत शिरलेलं पुस्तक बाहेर काढायचं तर निर्लेखनाचे सोपस्कार. त्यापेक्षा राहू दे बापडं. ग्रंथपालाच्या मानधनापेक्षा त्या कपाटाचं कुलूप महाग असतं, हा भाग वेगळा.

पुस्तकांचा दुसरा झरा म्हणजे सत्कार. ‘पुष्पगुच्छ नको, पुस्तक द्या’ ही चळवळ फार उदात्त आहे. फूल निदान संध्याकाळपर्यंत कोमेजून विषय संपवायचं. पुस्तक कोमेजत नाही. ते वेष्टनासकट पुढच्या निवृत्ती समारंभाला निघतं. एक जाडजूड चरित्र मी तीन समारंभांत ओळखलं, कोपऱ्यातल्या चहाच्या डागावरून. वक्ते बदलले, सत्कारमूर्ती बदलले, चरित्र तेच.

आणि घरचं कपाट? आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जुलै अखेर काच उघडली की आधी वास येतो, मग पुस्तकांच्या पाठीवर पांढरी बुरशी दिसते. पानं फुगून पुस्तकं एकमेकांत अशी रुततात की एक ओढावं तर पाच येतात. मागच्या फळीवरून वाळवीने मातीची नळी चढवलेली असते. तिनेही सुरुवात पहिल्या पानापासूनच केलेली असते, फरक एवढाच की ती चौदाव्या पानाच्या पुढे जाते. आपली खूण चौदाव्यावर थांबलेली. खूण म्हणून कोणाची तरी लग्नपत्रिका. त्या जोडप्याचा मुलगा आता बारावीला आहे.

तरी द्यायचं नाही. का? तर पुस्तक म्हणजे सरस्वती. पाय लागला की आपण कपाळाला हात लावतो. हात लागण्याचा प्रसंग मात्र सहसा येत नाही.

या बाबतीत आमच्या महाड तालुक्याचा इतिहास जरा अडचणीचा आहे. 25 डिसेंबर 1927 ला डॉ. आंबेडकर ‘पद्मावती’ बोटीने याच दासगावच्या बंदरात उतरले, महाडला गेले आणि त्या रात्री परिषदेच्या मंडपासमोर मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला त्यांचेच सहकारी सहस्रबुद्धे यांनी. आता गंमत बघा. जातींवरच्या आपल्या निबंधात बाबासाहेबांनी मनूची झडती 1916 सालीच, कोलंबिया विद्यापीठात असताना घेतली होती. म्हणजे ज्यांनी तो ग्रंथ वाचला होता त्यांनी तो जाळला, आणि ज्यांनी उघडलाही नव्हता त्यांच्या भावना दुखावल्या. न वाचलेल्या पुस्तकावरची श्रद्धा सगळ्यात पक्की असते.

कोणी म्हणेल, कपाटाचं सोडा, आम्हाला लिहायचंय, म्हणून तर पुस्तकं जमवलीत. हे मला रोज ऐकू येतं. ‘लिहायचंय हो, पण आधी भरपूर वाचून काढतो.’ वाचून झालं की निवृत्ती, मग मोतीबिंदू. दरम्यान विमा एजंटने दिलेली डायरी असतेच. तिच्या पहिल्या पानावर नाव आणि रक्तगट ठळक अक्षरात, तीन जानेवारीपर्यंत संकल्प, पुढे दुधाचा हिशोब. खरं सांगायचं तर वर्षअखेर त्या डायरीत वाचण्यासारखा मजकूर तोच उरतो.

याउलट हे बघा. रा. बा. मोरे दासगावात वाढले. अकरा-बारा वर्षांचं पोर. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून दार लावलं. पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. आधी पत्रलेखनावरची पुस्तकं गोळा केली नाहीत. पत्र छापून आलं आणि शाळेला दार उघडावं लागलं. याच मोऱ्यांनी पुढे 1927 ची महाडची परिषद उभी करण्यासाठी गावोगाव पायपीट केली, ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक काढलं. त्यांची आत्मकथा अर्धीच राहिली. पुढची हकीकत मुलाने लिहिली आणि 2003 मध्ये पुस्तक झालं.

अर्धं सोडायचीही आमच्याकडे थोर परंपरा आहे. पोलादपुरात ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांचं ‘शिवभारत’ हे शिवचरित्रकाव्य बत्तिसाव्या अध्यायात नऊ श्लोकांवर तुटतं. साडेतीनशे वर्षांनंतरही अभ्यासक त्या तुटक्या टोकाशी बसलेत. तेव्हा अपुरं राहील ही भीती काढून टाका. अपुरं राहायला आधी एकतीस अध्याय लिहावे लागतात.

मग विषय काय? विषय शोधायला शहरात कार्यशाळेला जातात लोक, पैसे भरून. इथे 22 जुलै 2021 च्या पुरात महाडात पाणी किती चढलं, आधी सावित्रीचं आलं की गांधारीचं, दासगावच्या खाडीतल्या रेल्वेच्या भरावाने ते तुंबलं की नाही, यावर दर पावसाळ्यात टपरीवर हातघाई होते. 2005 चं पाणी जास्त होतं म्हणणारेही असतात. पुरावा मागितला की सगळे भिंतीकडे बोट दाखवतात, आणि भिंतीला दिवाळीत रंग दिलेला असतो. सरकार निवेदन मागतं तेव्हा ‘पाणी फार होतं’ एवढंच आमच्याजवळ उरतं.

तेव्हा यंदा रद्दीवाल्याला बोलवा, कपाट मोकळं करा, चांगली चार ठेवा आणि जी डायरी कोरी आहे ती खाली घ्या. तारीख घाला, वेळ घाला, पाणी कितव्या पायरीला लागलं ते लिहा, आधी काय वर चढवलं आणि काय राहून गेलं ते लिहा. रोज चार ओळी पुरे. शुद्धलेखनाची चिंता नको. त्या दिवशी घरात शिरलेलं पाणी तरी कुठे शुद्ध होतं!