वाळवंटातले चिखलटायर

फिनिक्स शहरात वर्षाकाठी जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो. महाबळेश्वर जुलैत एवढा पाऊस एखाद्या दिवसात उरकून मोकळं होतं. अशा गावात राहून आमच्या दाजींनी आपल्या एटीव्हीला चिखलाचे टायर बसवले. का, तर ते दिसायला उग्र होते. बोटभर उंचीचे रबरी दात आणि दोन दातांमध्ये मूठ मावेल एवढी फट. गाडी गॅरेजात उभ्या उभ्या चावेल असं वाटायचं. शेजारी "वा!" म्हणाला आणि दाजींचे पैसे वसूल झाले.

"अहो, पण चिखल कुठाय?" ताईने विचारलं.

"वेळ काय सांगून येते?" दाजी म्हणाले.

एटीव्ही म्हणजे मोटारसायकलचं हँडल असलेली, चार फुगीर चाकांची गाडी. होंडाने १९७० साली अमेरिकेत तिची तीनचाकी आजी बाजारात आणली, तेव्हा आजीला स्प्रिंगा नव्हत्याच. फुग्यासारखे मऊ टायर हेच सस्पेन्शन. त्यामुळे या घराण्यात टायरचा मान पहिल्यापासून मोठा. टायरवर २५ × ८ - १२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. उंची २५ इंच, रुंदी ८ आणि रिम १२. इथवर ठीक. मग येतो प्लाय. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे जितके थर तितके प्लाय. आता सहा प्लाय म्हणजे आत सहा थर असतीलच असं नाही, तो नुसता मजबुतीचा दर्जा. आडनाव कुलकर्णी असलं म्हणून हल्ली कुणी गावाचं दप्तर लिहीत नाही, त्यातलाच प्रकार. हे मी सांगितलं तेव्हा दाजी जरा दुखावले. ते कुलकर्णीच आहेत.

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात ग्लॅमिसला वाळूच्या टेकड्याच टेकड्या आहेत. थंडीत तिथे अशा गाड्यांची जत्रा भरते. प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा लावावा लागतो, म्हणजे टेकडीपलीकडून भरधाव येणाऱ्याला तुम्ही आधी दिसता. दाजींनी झेंडा लावला, गाडी रेटली, आणि चिखलाच्या टायरांनी आपलं काम चोख केलं. ते उकरत सुटले. गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. लांबून बघणाऱ्याला एक झेंडा हळूहळू बुटका होताना दिसला असेल.

शेजारून शाळकरी पोरं सुसाट जात होती. त्यांच्या मागच्या टायरांवर आडवी रबरी वल्ही होती. ती वाळू मागे फेकत गाडीला पुढे ढकलतात. पुढचे टायर जवळजवळ गुळगुळीत, मधोमध वळण्यापुरती एक धार. आपल्याकडे पोलिसाने "गोटा झालाय" म्हणून गाडी बाजूला घ्यायला लावली असती. पण हीच वल्ही दगडांच्या वाटेवर नेली, तर त्यांची वाट लागते. वाळूला तरंगणारा टायर हवा आणि दगडाला जाड कातडीचा. दोन्हीकडे चालेल असं जे मधलं काहीतरी दुकानात मिळतं, त्या तडजोडीला 'ऑल टेरेन' असं भारदस्त नाव आहे. सामान्य माणसाने तेच घ्यावं, असं माझं मत. मध्यम दात, जाड कुशी, आणि दिसायला अगदी सोज्वळ.

ताई मात्र गाडीभोवती फिरत होती. तिने मडगार्डवरचं लेबल वाचलं. "अहो, इथे ५ पीएसआय लिहिलंय. तुम्ही किती भरलीत?"

"५ मध्ये काय होतंय! कारला ३२ लागते."

दाजींनी पंपावर कारच्याच सवयीने हवा भरली होती. ताईने चारही व्हॉल्व्ह दाबून ती सोडली. टायर पसरले, वाळूवर बसकण मारून बसले, आणि जरा धक्का दिल्यावर गाडी बाहेर आली. दातांवर एवढी चर्चा झाली, पण हवेचं नावही कुणी काढलं नव्हतं. फुकट गोष्टीवर चर्चा करायची कुणी! बरं, ५ पीएसआय नीट मोजायला वेगळा गेज लागतो, कारच्या गेजचा काटा तिथे धड जागाही होत नाही. दगडांवर पुन्हा उलटं. हवा फार कमी असली तर टायर दगड आणि रिमच्या मध्ये चिमटतो, नाहीतर त्याची कड रिमवरून सुटते. ती कड बोल्टांनी आवळून धरणाऱ्या रिमला बीडलॉक म्हणतात. बीडलॉकची किंमत ऐकल्यावर दाजींनी जेवायचं काय ते विचारलं.

पुढे आठ प्लायचे, जाड कुशीचे टायर आले आणि आम्ही ॲरिझोनाच्या रानवाटांवर गेलो. तिथे मेस्कीटचे काटे. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. ती बाभूळसुद्धा मूळची अमेरिका खंडातलीच, त्यामुळे काट्यांची ओळख पटायला वेळ लागला नाही. टायरच्या माथ्यावर पंक्चर झालं तर भोकात चिकट दोरी ठासून घरी येता येतं. कूस फाटली तर चालत. म्हणून जाड कूस. टायर खरोखर टिकले. दाजी दर थांब्याला उतरून त्यांच्यावरून हात फिरवत होते.

असंच एकदा उतरताना ते चोयाला घासले. या निवडुंगाला तिकडे उडी मारणारा म्हणतात. तो उडी मारत नाही, पण जरा स्पर्श झाला की त्याचं एक पेर तुटून अंगाला चिकटतं. काट्यांना आकड्या असतात, हाताने ओढायची सोय नाही. जाणकार लोक यासाठी फणी बाळगतात. ती पेराखाली सरकवायची आणि झटका द्यायचा. ताईने हत्यारांच्या पेटीतून फणी काढली. दाजींना पूर्ण टक्कल असल्यामुळे ती तिथे कशाला, असा प्रश्न मला सकाळपासून पडलाच होता.

दाजी बोंबलले. ताई शांतपणे पोटरीवर वाकली.

"टायर आठ प्लायचे घेतलेत," ती म्हणाली, "आणि पँट किती प्लायची?"