तीस टक्क्यांची माया

"वहिनी, भाजी निवडून झाली का? या की भिंतीपाशी. मागल्या गल्लीतल्या म्हाताऱ्याचं कळलं का?"

"कळलं की मावशी. दोन लेक नोकरीला, अन् बापाचा डबा शेजारी पुरवायलेत."

"माया आटली बघा. आमच्या वेळी असं नव्हतं."

"तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं कोण करायचं?"

"मीच. दुसरं कोण?"

"अन् काकांनी, त्यांच्या लेकानं?"

"त्यांना कुठं सवड होती!"

"तेच म्हणते मी. राबायची सून अन् गुणी म्हणून नाव लेकाचं. आता सुना नोकरीला जायल्यात, तर म्हणे माया आटली."

"बरं बाई. पण लेकाला काही लाजलज्जा?"

"लाज सोडली त्यांच्यासाठीच तर कायदा केला, २००७ साली. प्रांतसाहेबांच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार पोटगी मिळते. लेकीवरही जबाबदारी आहे बरं का."

"लेकीवरही? मग घरात वाटा मागितला की भावांच्या कपाळाला आठ्या का पडतात?"

"ते विचारू नका! आपल्या लातूरच्या जिल्हा परिषदेनं २०२० मध्ये ठराव केला, आठवतं? जो कर्मचारी आईबापाला बघत नाही, त्याच्या पगारातले ३० टक्के कापायचे अन् आईबापाच्या खात्यात टाकायचे."

"आठवतं की. त्यात गुरुजीपण निघाले होते. वर्गात पोरांना श्रावणबाळ सांगणारे! पण वहिनी, असल्या पैशाचा घास गोड लागत असेल का हो?"

"गोड नसेना, बीपीची गोळी तरी येते. नुसत्या मायेवर औषधवाला गोळी देत नाही."

"तुम्ही लईच रोखठोक. अहो, २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा माणसं कशी एकमेकांना धरून होती!"

"धरून? पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून. तुमच्या हौदालाही कुलूप होतं."

"होतं. पण तुमच्या पोराला ताप होता, तेव्हा दोन घागरी दिल्या का नाही?"

"दिल्या. ते कसं नाकारू? बरं, तुमचा लेक घर नावावर करून मागायलाय म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं? मागायलाय खरं. बक्षीसपत्र कर म्हणतो."

"मग सांभाळ करायची अट त्यात लिहून घ्या. अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मिळकत अशीच परत दिली."

"अट काय लिहू? महिन्यातून एकदा येऊन माझ्याशी तासभर बोलावं, असं लिहिता येतं का?"

"कायदा मूलभूत गरजा धरतो मावशी. जेवण, कपडा, निवारा, दवापाणी. गप्पा त्यात येत नाहीत."

"मग नकोच ते. घर माझ्याच नावावर राहू द्या. निदान सही कधी करतेस म्हणून तरी दर रविवारी फोन येतो."